मातीवर टिकलेले रंग

पारोळ्याहून एरंडोल, जळगाव, नेरी, पहूर करत फर्दापूर गाठलं की अजिंठा आला. बहुतेक जण पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहायला जातात. माझं सांगणं आहे, आधी जिथे रंग उडालाय तिथे पाहा. तिथे गिलावा उघडा पडलाय, आणि पंधराशे वर्षं ही चित्रं त्यानेच धरून ठेवली आहेत.

बेसॉल्टची भिंत छिन्नीने खडबडीतच ठेवलेली. तिच्यावर माती, वाळू, भाताचं तूस आणि गवताचे तंतू मळून केलेला जाड थर, त्यावर बारीक मातीचा दुसरा, वरून चुन्याचा पातळ हात. खानदेशात जुन्या घरांच्या भिंती मातीत भुसा मळून लिंपत, त्याच जातीचं हे काम. रंगही बरेचसे मातीचेच: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, जोडीला काजळी. निळा मात्र अफगाणिस्तानातल्या लाजवर्दाचा, म्हणजे व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर आलेला. भिंत वाळल्यावर रंग लावायचा, म्हणून तो धरून राहायला डिंक किंवा सरस.

याउलट, इस्तंबूलच्या खोरा चर्चमध्ये सुमारे 1315 ते 1321 या काळात बायझंटाईन चित्रकारांनी ओल्या चुन्यावर रंग चढवले. चुना सुकताना रंग त्यातच बांधला जातो. अजिंठ्याच्या रंगाला तो आधार नाही, म्हणून इथलं टिकणं मला अधिक थोर वाटतं. तुर्कस्तानातच गोरेमेला डोंगरात कोरलेली चर्च आहेत. त्यातल्या एकाचं नावच ‘अंधारं चर्च’. लहानशा खिडकीतून उजेड कमी येतो, म्हणून तिथले अकराव्या शतकातले रंग अजून ताजे आहेत. अजिंठ्यालाही अंधारानेच राखलं.

1819 मध्ये ब्रिटिश अधिकारी जॉन स्मिथ इथे पोचला, आणि पुढे माणसांचा वावर सुरू झाला. 1844 पासून चित्रकार रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं इथल्या चित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. गिलची कबर आपल्या भुसावळात आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन नव्याने केलेल्या अनेक नकलाही 1885 मध्ये लंडनमध्येच जळाल्या. नकला करताना मूळ भिंतींवर चढवलेलं रोगण पुढे पिवळं पडलं आणि पुरातत्त्व खात्याला ते काढत बसावं लागलं. चित्रांवरच्या प्रेमापोटी केलेल्या कामाने त्यांचं असं नुकसान व्हावं, याचं फार वाईट वाटतं.

भिंतीला हात लावू नका, फ्लॅश मारू नका. सतराव्या लेण्यात निदान तासभर थांबा. सोमवारी लेणी बंद असतात.