पहिला पगार आणि अर्धवट माहिती

दिवाळी महिन्यावर आली की आमच्या गावच्या बाजारपेठेत दुकानांच्या काचांवर कागद चिकटू लागतात. 'मुले-मुली पाहिजेत. अनुभवाची अट नाही. समक्ष भेटा.' मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, त्यामुळे हे कागद वाचून आत जाणाऱ्यांपैकी निम्मी मुलं माझ्या वर्गातली असतात. जाण्याआधी ती मला विचारतात, "मॅडम, आधारची झेरॉक्स पुरेल ना?" किती वाजता सोडणार, सुट्टी कधी, पगार कोणत्या तारखेला, हे प्रश्न त्यांच्या मनातच येत नाहीत. घरी विचारावं, तर तिथेही बहुतेक माहिती ऐकीव.

दोन वर्षांपूर्वी बारावीतली एक मुलगी अशीच एका कपड्यांच्या दुकानात लागली. वय सतरा. सकाळी दहा ते रात्री दहा, तेही उभ्याने. गिऱ्हाईक असो वा नसो, बसायचं नाही. दिवाळीनंतर ती कॉलेजात आली तेव्हा तिच्या पायात वडिलांच्या मोठ्या स्लिपर होत्या, कारण पाय सुजून तिची स्वतःची चप्पल चढत नव्हती. ताप आल्याने तिचे दोन खाडे झाले होते आणि मालकाने चार दिवसांचे पैसे कापले होते. मला राग आला. तिला आला नव्हता. "सीझनला असंच असतं मॅडम," एवढंच ती म्हणाली.

असं नसतं. कायद्याने तर अजिबात नसतं. हे तिला आणि तिच्या आईवडिलांना आधी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून हा लेख.

'अठरा पूर्ण झाल्याशिवाय नोकरी करता येत नाही'

सगळ्यात जास्त घरांत हाच समज आहे आणि पुढची बरीच फसवणूक यातूनच सुरू होते. बालकामगारांविषयीचा आपला कायदा १९८६ चा. २०१६ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. त्यानुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठेही कामाला ठेवता येत नाही. अपवाद दोनच. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या व्यवसायात मदत करता येते, पण तो व्यवसाय धोक्याचा नसावा. आणि ठरावीक अटींवर कलाकार म्हणून काम करता येतं. आईच्या खानावळीत सुट्टीत पोळ्या लाटू लागणारी मुलगी किंवा बाबांच्या किराणा दुकानात संध्याकाळी पुड्या बांधणारा मुलगा, यांच्यामुळे घरावर गुन्हा दाखल होईल ही भीती म्हणूनच निराधार आहे.

चौदा ते अठरा या वयाला कायदा 'किशोरवयीन' म्हणतो. या मुलांना नोकरी करता येते. बंदी आहे ती खाणी, ज्वालाग्राही पदार्थ व स्फोटकं आणि धोकादायक प्रक्रिया असलेल्या कामांवर. दिवाळीतला फटाक्यांचा स्टॉल कितीही ओळखीच्या माणसाचा असला, तरी सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला तिथे कामाला पाठवू नये ते यासाठीच.

मग कपड्यांच्या दुकानातला मालक "कोणी विचारलं तर अठरा सांग" असं का म्हणतो? अठराच्या आतलं वय मान्य केलं की त्याला त्या वयाचे कामाचे तास पाळावे लागतात. किशोरवयीन कामगाराची जन्मतारीख आणि कामाच्या वेळा यांची नोंदवही ठेवणं हीसुद्धा मालकाचीच जबाबदारी आहे. मुलगा खोटं वय सांगतो तेव्हा त्याला वाटतं, आपली नोकरी वाचली. प्रत्यक्षात आपल्याला मिळणारं संरक्षण त्याने स्वतःच्या तोंडाने सोडून दिलेलं असतं.

'सीझनला बारा तास करावेच लागतात'

किशोरवयीन मुलाला सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. तीन तास झाले की किमान एक तास विश्रांती द्यावी लागते. विश्रांतीचा हा तास आणि काम येण्याची वाट पाहण्यात गेलेला वेळ धरून दिवसभराचं सगळं सहा तासांत संपलं पाहिजे. संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात काम नाही. ओव्हरटाइम नाही, मुलगा स्वतःहून 'करतो' म्हणाला तरी नाही. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी. आणि एका दुकानात काम करून त्याच दिवशी दुसऱ्या ठिकाणीही काम, हेही चालत नाही.

हा नियम माझ्या त्या विद्यार्थिनीला लावून पाहा. तिचे बारा तास म्हणजे कायद्याच्या बरोबर दुप्पट. सातनंतरचे तीन तास तर तिने दुकानात असायलाच नको होतं, आणि नेमकी गर्दी त्याच तासांत असते. अशा उल्लंघनाला शिक्षा आहे, पण तक्रार झाली तर. तक्रार का होत नाही, याचं उत्तर तिच्या "असंच असतं"मध्ये आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. फोन पालक करू शकतात, शिक्षक करू शकतात, शेजारच्या दुकानातला माणूसही करू शकतो. सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयातही तक्रार करता येते.

काही पालक मला म्हणतात, "एवढे नियम दाखवले तर पोराला कोण ठेवणार?" प्रश्न खरा आहे. पण सकाळी दहा ते दुपारी चार एवढ्या वेळासाठी मुलं घेणारे दुकानदारही याच बाजारात आहेत. स्टेशनरीवाले आहेत, औषधांचे घाऊक व्यापारी आहेत. ते सापडायला चार दुकानं जास्त फिरावं लागतं, हे कबूल.

'शिकाऊ आहे, मग पगार कसला'

"पहिले दोन महिने काम शीक, मग पगाराचं बघू." हे वाक्य ऐकलं नाही असा मुलगा विरळा. जो माणूस रोज गल्ल्याजवळ उभा राहतो, माल लावतो, बिल करतो, तो काम करतो आहे, आणि केलेल्या कामाचा मोबदला द्यावाच लागतो. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि नोकरी सोडली तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशेब, असं वेतन संहिता सांगते. खाड्याचंही तसंच. जितका वेळ कामावर नव्हता तितक्याच वेळाचे पैसे कापता येतात. 'एका खाड्याला दोन दिवस' हा बाजाराचा रिवाज असेल, पण १९३६ च्या वेतन कायद्यालाही तो मान्य नव्हता आणि आताच्या संहितेलाही नाही. त्या मुलीला दोन दिवसांचे पैसे परत मिळाले ते तिच्या वडिलांनी दुकानात जाऊन एवढंच विचारल्यावर. भांडण झालं नाही.

खरा शिकाऊ उमेदवार, म्हणजे ॲप्रेंटिस, ही वेगळीच गोष्ट आहे. इथे आणखी एक गैरसमज भेटतो : ॲप्रेंटिस फक्त आयटीआयवाल्यांसाठी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात किमान वय चौदा आहे, धोकादायक उद्योगांत अठरा, आणि नुसती दहावी-बारावी झालेल्यांनाही कित्येक कामांत जागा असतात. ज्या आस्थापनेत तीस किंवा जास्त माणसं आहेत तिला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. २०१९ साली नियम बदलले तेव्हा दहावी झालेल्याला महिना किमान ६,००० आणि बारावी झालेल्याला ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं. रीतसर करार होतो, अठराच्या आत असाल तर त्यावर पालकाची सही लागते, सरकारी पोर्टलवर नोंद होते आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. यातलं काहीही नसताना कोणी 'ॲप्रेंटिस' म्हणून फुकट राबवत असेल, तर ते नुसतं नाव आहे. माझ्या मते बारावीनंतर पुढचं ठरत नसलेल्या मुलाने महिनाभर पत्रकांच्या मागे धावण्याआधी एक दिवस आयटीआयमध्ये जाऊन ही चौकशी करावी.

महाराष्ट्रात २०२४ पासून मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही आहे. अठरा ते पस्तीस वयासाठी. बारावी झालेल्यांना तिच्यात दरमहा ६,००० रुपये ठरले. ती प्रशिक्षणाची योजना आहे, कायम नोकरीची नाही, आणि ठरलेले महिने संपले की ते काम संपतं. हे आधीच माहीत असलं म्हणजे नंतर मन मोडत नाही.

'थोडे पैसे भरल्याशिवाय नोकरी लागत नाही'

नोकरी म्हणजे समोरचा आपल्याला पैसे देणार. तो आधी मागत असेल तर तिथून उठावं. रजिस्ट्रेशन फी, युनिफॉर्मचं डिपॉझिट, ट्रेनिंग किट, आयडी कार्डाचे पैसे, नावं बदलतात. एसटी स्टँडच्या खांबावर चिकटवलेलं 'घरबसल्या काम, महिना १५ ते २५ हजार' हे पत्रक आता मोबाइलवर येतं, एवढाच फरक पडला आहे.

मागच्या उन्हाळ्यात अकरावीतला एक मुलगा वडिलांना घेऊन माझ्या घरी आला. त्याने मोबाइलवरून टायपिंगचं काम घेतलं होतं. आठ दिवसांत अमुक पानं, चुका अमुक टक्क्यांच्या आत. काम पूर्ण केलं, तर 'चुका जास्त निघाल्या' म्हणून पगार नाही, आणि वर वकिलाची नोटीस : करारभंगापोटी साडेसहा हजार भरा, नाहीतर कोर्टात या. नोटीस व्हॉट्सॲपवर आली होती. वर अशोकस्तंभाचं चित्र, खाली गोल शिक्का. वडील शेतमजुरी करतात. त्यांनी उचल घेऊन पैसे आणले होते आणि ते शर्टाच्या वरच्या खिशात होते. बोलताना त्यांचा हात सारखा खिशावर जात होता.

त्यांना मी एकच गोष्ट समजावली. मुलगा सतरा वर्षांचा आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा, आणि अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल, हे १९०३ सालच्या मोहरीबीबी खटल्यापासून आपल्याकडे पक्कं आहे. मोबाइलवर अंगठा दाबून त्याने जे 'ॲग्री' केलं, त्याच्या जोरावर कोणी त्याच्याकडून एक रुपया वसूल करू शकत नाही. 'बॉण्डवर सही केली, आता सुटका नाही' ही भीती म्हणजेच या लोकांचं भांडवल. पैसे खिशातच राहिले. दोन दिवस धमकीचे फोन आले, मग बंद झाले. ज्यांचे पैसे गेले आहेत त्यांनी वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. पैसे पुढे वळवले जाण्याआधी कळवलं तर ते अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

याच्याहून वाईट प्रकार म्हणजे 'तुझं खातं आणि एटीएम कार्ड दे, महिन्याला पाच हजार मिळतील, काम काहीच नाही.' त्या खात्यातून दुसऱ्या कोणाच्या तरी लुबाडलेल्या पैशांची ये-जा होते आणि पोलिसांची नोटीस येते ती खातेदाराच्या पत्त्यावर. सोळा वर्षांच्या मुलाला हे कळत नाही. पालकांनी ते नाव घेऊन, स्पष्ट सांगायला हवं.

मूळ कागदांचंही तेच. दहावीची ओरिजिनल मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला 'जमा' करून घेणाऱ्या मालकाला मुलगा मध्येच सोडून जायला नको असतो. कागद दाखवायचा, झेरॉक्स द्यायची, मूळ प्रत घरी आणायची.

बँक, पॅन आणि गाडी

दहा वर्षांवरच्या मुलाला बचत खातं स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ पासून बँकांना दिली आहे. अठराच्या आत पॅन कार्डही निघतं, फक्त त्यावर फोटो नसतो. त्यामुळे 'खातं नाही म्हणून पगार मामाच्या खात्यात' याची गरज नाही. मुलाने स्वतःच्या कष्टाने किंवा कसबाने कमावलेले पैसे आयकरासाठी आईवडिलांच्या उत्पन्नात धरले जात नाहीत.

गाडीच्या बाबतीत मात्र सूट शोधू नका. डिलिव्हरीच्या कामासाठी मोठ्या भावाचं लायसन्स आणि आयडी वापरणारी मुलं मी पाहते. अठराच्या आत परवाना मिळतो तो फक्त सोळा वर्षांवर, बिनगिअरच्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही.

'कामाला लागला की शिक्षण सुटलं'

हे मात्र आपल्या महाराष्ट्राने म्हणू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि अंगमेहनत करून शिकणारी पोरं घडवली. त्यांच्याच नावाची 'कमवा आणि शिका' योजना आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांत चालते. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत तासांच्या हिशेबाने काम आणि त्याचे पैसे. पदवीला प्रवेश घेतल्याबरोबर चौकशी करावी, कारण जागा मोजक्या असतात.

माझ्या वर्गात कामामुळे मागे पडलेली मुलं आहेतच. पण ती रात्री दहाला सुटणारी आहेत. दुपारी चारला सुटून पाचला अभ्यासाला बसणाऱ्या मुलांची हजेरी मी पाहिली आहे, ती इतरांपेक्षा कमी नसते. घरच्यांनी जपायचं ते सुटण्याच्या वेळेला.

यंदा काचेवरचा कागद वाचून मुलगा किंवा मुलगी 'मी जाऊ का' विचारेल, तेव्हा नुसतं हो किंवा नको म्हणू नका. पहिल्या दिवशी सोबत जा. मालकाला भेटा, मुलाचं खरं वय सांगा, आणि किती वाजता सोडणार हे मुलासमोर विचारा.