‘नवीन काहीतरी घेऊन टाका’: नेटवर्कबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

ऑफिसात काहीही अडलं की पहिलं नाव नेटवर्कचं येतं. प्रिंटर रुसला, टॅली उघडेना, कॉलवर साहेबांचा आवाज तुटायला लागला, की निदान ठरलेलं: ‘नेट गेलंय.’ त्याची सवय होते. त्रास होतो तो मागोमाग येणाऱ्या सल्ल्याचा: ‘नवीन काहीतरी घेऊन टाका ना.’ नवा राउटर, मोठा प्लॅन, मग क्लाउड, आता एआय. नेटवर्क ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून माझं मत उलट आहे. गेल्या काही वर्षांत गाजलेले बिघाड काढून पाहा. साधन नव्हतं म्हणून झालेले त्यात थोडे. साधन आहेच म्हणून कुणी लक्ष दिलं नाही, असे पुष्कळ.

‘प्लॅन वाढवा, नेट पळेल’

कनेक्शन १०० एमबीपीएसचं आणि फाइल मात्र सेकंदाला बारा एमबीच्या वर उतरत नाही, म्हणजे कंपनी फसवतेय, असं अनेकांना वाटतं. इथं फसवणूक नाही. जाहिरातीतला आकडा बिटांचा असतो, फाइलचा आकार बाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. १०० भागिले ८, साडेबारा.

मोठा घोळ आहे तो क्षमता आणि विलंब यांच्यात. प्लॅन वाढवला की क्षमता वाढते, म्हणजे एका वेळी जास्त माहिती मावते. माहितीला जाऊन यायला लागणारा वेळ ही वेगळी गोष्ट. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते अमेरिकेतलं व्हर्जिनिया हे अंतर सरळ रेषेतही सुमारे १३ हजार किलोमीटर, जाऊन-येऊन २६ हजार. म्हणजे वाटेत काहीही अडथळा नसला तरी १३० मिलिसेकंद जाणारच, आणि समुद्राखालच्या केबल काही सरळ रेषेत टाकलेल्या नसतात. तुमचं सॉफ्टवेअर व्हर्जिनियातल्या सर्व्हरवर असेल तर ३०० एमबीपीएसचा प्लॅन यातला एक मिलिसेकंदही वाचवत नाही.

पुष्कळदा तर अडचण आपल्याच भिंतींच्या आत असते. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच धरतात: १, ६ आणि ११. सोसायटीच्या एका मजल्यावर आठ राउटर असले की ते या तिघांतच दाटी करतात. अशा वेळी ५ गिगाहर्ट्झवर जावं, नाहीतर सरळ केबल ओढावी. न हलणाऱ्या यंत्राला केबलच, हे माझं मत जुनाट वाटलं तरी मी ते सोडणार नाही.

हे सगळं शोधायला महागडं काही लागत नाही. समोरचं यंत्र उत्तर देतं का आणि किती वेळात, हे सांगणारा, माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला ‘पिंग’ आजही मी सगळ्यात आधी चालवतो. पॅकेट उघडून आत काय चाललंय ते दाखवणारं ‘वायरशार्क’ फुकट मिळतं. गेराल्ड कोम्ब्स यांनी ते १९९८ मध्ये वेगळ्या नावानं आणलं होतं. लाखोंची मॉनिटरिंग यंत्रणा घ्यायची आणि तिचे इशारे येणारा मेल कुणीच उघडायचा नाही, यापेक्षा ही दोन साधनं नीट शिकलेला एक मुलगा परवडतो.

‘सगळं दोन ठिकाणी आहे, म्हणजे बॅकअप आहे’

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हा. सर्व्हरमधल्या दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवतात, ड्राइव्हवर सगळं आपोआप सिंक होतं, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण नक्कल चुकीचीही होते. इकडे पुसलेली फाइल तिकडेही पुसली जाते. रॅन्समवेअरनं खंडणीसाठी कुलूप घातलेली फाइल तितक्याच तत्परतेनं सिंक होते. काही सेवा जुन्या प्रती ठेवतात, पण मुदतीपुरत्याच. डिस्कच्या या नकलेमुळे, म्हणजे रेडमुळे, डिस्क मेली तर वाचता येतं, माणूस चुकला तर नाही.

मार्स्क या डॅनिश जहाज कंपनीचं उदाहरण यासाठी मुद्दाम सांगण्यासारखं आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्राम पसरला आणि या कंपनीचे संगणक जगभर बंद पडले. झळ न्हावा शेव्यालाही लागली. तिथल्या जेएनपीटी बंदरातलं मार्स्क समूहाचं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल विस्कळीत झालं आणि कंटेनर अडकले. कर्मचारी कोण आणि कुणाला कुठं शिरता येतं याची नोंद ठेवणारे कंपनीचे दीडशेच्या आसपास डोमेन कंट्रोलर वेगवेगळ्या देशांत होते आणि ते एकमेकांची प्रत बाळगत. एक गेला तर दुसरा आहे, असा हिशेब होता. सगळे एकदमच जातील हे कुणी धरलं नव्हतं.

वाचला फक्त घानातला एक, कारण ऐन हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कवरच नव्हता. (वीज मंडळाला आपण उगाच शिव्या देतो.) इंग्लंडमधल्या दुरुस्ती केंद्राकडे तेवढा डेटा पाठवायला घानाची लाइन अपुरी होती. डिस्क घेऊन निघावं तर तिथल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एक जण विमानानं नायजेरियाला गेला आणि विमानतळावर दुसऱ्या सहकाऱ्याच्या हाती हार्ड डिस्क दिली. कंपनीनं मग दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानं उभे केले, असं तिचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हेगेमान स्नाबे यांनी २०१८ मध्ये दावोसला सांगितलं.

यातून घ्यायचं ते असं: किमान एक प्रत नेटवर्कपासून तुटलेली हवी. आमच्या धंद्यात ३-२-१ असा नियम सांगतात. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक वेगळ्या जागी. मी त्यात एक अट घालतो: परत उतरवून पाहिलेली प्रतच मोजायची. बॅकअप सॉफ्टवेअरमधली हिरवी खूण फक्त काम संपल्याचं सांगते. त्या फाइलमधून डेटाबेस उभा राहील का, याची हमी तिच्यात नसते.

‘क्लाउडवर टाकलं, आता चिंता नाही’

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतले सर्व्हर. ते तुमच्या-माझ्या रॅकपेक्षा चांगले सांभाळले जातात यात वाद नाही, पण पडतात तेही. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या एका तंत्रज्ञानं एक कमांड देताना आकडा चुकवला, हवे होते त्याहून जास्त सर्व्हर बंद झाले आणि एस-थ्री ही साठवणीची सेवा काही तास कोलमडली. गंमत अशी, की सेवा चालू आहे की बंद हे दाखवणारं ॲमेझॉनचं पानसुद्धा त्याच सेवेवर अवलंबून होतं, त्यामुळे सुरुवातीला तेही बदलता येईना. २० ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीत, ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात डीएनएसच्या नोंदीत घोळ झाला आणि जगभरची ॲप बसली. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता शोधण्याची सोय. मोठ्या बिघाडांच्या मुळाशी ती इतक्यांदा सापडते, की आमच्यात त्यावर विनोद चालतात.

‘क्लाउडवाले बॅकअप घेतातच’ हाही समज सोडा. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचा गूगलवरचा खाजगी क्लाउड, सेटिंगमधल्या एका रिकाम्या राहिलेल्या रकान्यामुळे, आपोआप पुसला गेला. फंडाचे सभासद सहा लाखांहून जास्त. त्या क्लाउडबाहेर ठेवलेले बॅकअप होते म्हणून सगळं परत उभं राहिलं.

आणि स्वस्ताई? भार कमी-जास्त होत असेल, निकालाच्या दिवशी हजारपट लोक येणार असतील, तर क्लाउड खरोखर स्वस्त. रोज तेवढंच काम करणारा सर्व्हर वर्षानुवर्षं भाड्यानं घेणं बहुधा महाग. बेसकॅम्प बनवणाऱ्या ३७सिग्नल्सनं २०२२ मध्ये क्लाउड सोडायचं जाहीर केलं ते याच हिशेबानं. मात्र ‘आपलं’ सॉफ्टवेअरही आता पूर्वीसारखं आपलं राहिलेलं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं, एका यंत्रावर अनेक सर्व्हर चालवण्याचं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद करून वर्गणीची पद्धत लावली. त्या झटक्यानं अनेक ॲडमिन प्रॉक्समॉक्ससारख्या मुक्त पर्यायांकडे वळले. या घडामोडीतून मी एक सवय लावून घेतली आहे: काहीही घेताना, यातून बाहेर पडायचं तर डेटा कसा काढायचा, हे आधी बघायचं.

‘आमच्याकडे कोण येतंय चोरी करायला’

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी रुपये गेले. चोरट्यांनी एटीएमच्या व्यवहारांना होकार देणारी बनावट यंत्रणा मध्ये बसवली. ११ ऑगस्टला २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले आणि १३ तारखेला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्यामार्फत आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. सहकारी बँक, आपला भाग, आपली माणसं, याची चोरट्यांना पर्वा नसते. इंटरनेटवर आपोआप दारं ठोठावत फिरणाऱ्या प्रोग्रामना तर तुम्ही कोण हे ठाऊकच नसतं.

मग सुरक्षा म्हणजे काय? ऑडिटच्या यादीत अजूनही असतं: दर ९० दिवसांनी पासवर्ड बदला. बिल बर यांनी अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेसाठी २००३ मध्ये लिहिलेल्या मार्गदर्शिकेतून हा दंडक जगभर गेला, आणि २०१७ मध्ये त्याबद्दल त्यांनीच जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. सक्ती केली की लोक ‘गणपती@१’चं ‘गणपती@२’ करतात. निस्टनं २०१७ मध्ये हा सल्ला मागे घेतला, आणि २०२५ च्या आवृत्तीत ठरावीक काळानं बदलण्याची सक्ती करूच नये असं म्हटलं. पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तर मात्र बदलायलाच लावायचा. लांब पासवर्ड, प्रत्येक ठिकाणी वेगळा, आणि जोडीला ओळखीचा दुसरा पुरावा, एवढं पुरे.

अपडेटबद्दल दोन टोकं ऐकू येतात. ‘चालतंय तर हात लावू नका’ म्हणणाऱ्यांनी १२ मे २०१७ चा वॉनाक्राय हा रॅन्समवेअर हल्ला आठवावा: त्याला रोखणारा पॅच मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिला होता. ‘सगळं आपोआप होऊ द्या’ म्हणणाऱ्यांनी १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष फाइलनं, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर आणले. विंडोजच्या एकूण संगणकांत ते एक टक्काही नव्हते, तरी आपल्या विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. पॅच आधी थोड्या यंत्रांवर, दोन दिवस थांबून बाकीच्यांवर, हा मार्ग बरा. क्राउडस्ट्राइकच्या त्या फाइलला ग्राहकांनी लावलेला हा टप्पा लागूच नव्हता. म्हणून तुमच्या अशा फाइलीही टप्प्याटप्प्यानं येतात का, हे आता विक्रेत्याला विचारावं लागतं.

कायद्याची बाजू थोडक्यात: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. हे अनेक छोट्या ऑफिसांच्या गावीही नसतं.

‘एआय आलं, ॲडमिन गेला’

स्क्रिप्ट लिहायला, जुनं कॉन्फिगरेशन समजावून घ्यायला एआय उपयोगी आहे, मीही वापरतो. पण ते आपल्या नेटवर्क स्विचवर नसलेली कमांडसुद्धा त्याच आत्मविश्वासानं देतं, आणि ते ओळखायला स्विच माहीत असलेला माणूसच लागतो. काही ठिकाणी ऑटोमेशनला पर्यायच नाही. वेबसाइटच्या सर्टिफिकेटची कमाल मुदत मार्च २०२६ पासून २०० दिवस आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस असं ठरलं आहे. वहीत तारखा लिहून हे निभणार नाही.

फक्त, ऑटोमेशन चूकही त्याच वेगानं पसरवतं. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या देखभालीत एक कमांड दिली गेली. ती अडवायला ठेवलेल्या तपासणी यंत्रणेतच दोष होता. कंपनीचं अंतर्गत नेटवर्क तुटलं, फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सहा तासांच्या आसपास गायब झाले, आणि दुरुस्तीची साधनंही त्याच नेटवर्कवर असल्यानं अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं.

म्हणून पुढच्या वेळी कुणी चकचकीत सादरीकरण घेऊन आला, तर किमतीच्या आधी त्याला विचारा: हे बंद पडलं तर आम्ही आत कसं शिरायचं, आणि त्या दिवशी फोन कोण उचलणार? उत्तर लेखी घ्या.