मालगुजारी तलाव आणि उद्याचे पाणी

वैनगंगेच्या खोऱ्यात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या धानपट्टीत, साडेसहा हजारांहून अधिक जुने तलाव आजही नांदत आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचे निर्माते कोणी सरकारी अभियंते नसून कोहळी समाजाचे शेतकरी होते, ही गोष्ट उर्वरित महाराष्ट्राच्या गावीही नसते. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्यास त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन 'तुकूम' म्हणून बहाल करण्याचा शिरस्ता पाडला, आणि त्या एका सनदेच्या आश्वासनावर जंगल तोडून, उतार हेरून, माती वाहून पिढ्यान्‌पिढ्या हे काम चालले. पुढे गावचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या अमदानीत त्यांची देखभाल झाली म्हणून ते 'मालगुजारी' या नावाने ओळखले जाऊ लागले.

या तलावांची रचना मोठी विचारपूर्वक केलेली आहे. उताराच्या आडवी मातीची पाळ, शेताकडे पाणी सोडण्यासाठी तुडुम आणि जादा पाणी वाहून जाण्यासाठी सलंग, एवढीच त्याची अंगे. पण वरच्या तलावाच्या सलंगेतून सुटलेले पाणी खालच्या तलावात उतरावे अशी साखळी गावोगाव जुळवलेली असल्यामुळे पावसाचा ओघ शिवार सोडून जाण्यापूर्वी ठिकठिकाणी थांबतो, मुरतो आणि विहिरींना आधार देतो. पाळीपाशी पाणी खोल असते. उलट बाजूस ते हळूहळू उथळ होत जमिनीत मिसळते. ह्या उथळ काठातच देवधान उगवते, पाणवनस्पती रुजतात, मरळ आणि शिंगी हे मासे अंडी घालतात, आणि महाराष्ट्रात आता प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यातच उरलेला सारस तेथे व लगतच्या धानाच्या बांध्यांत चारा शोधतो. तलावाचा प्राण त्याच्या खोलीइतकाच या काठात आहे, हे मासेमार धिवरांना पूर्वापार ठाऊक आहे.

१९५० च्या कायद्याने मध्य प्रदेशातील, ज्यात तेव्हा हा प्रदेश होता, मालगुजारी संपुष्टात आली आणि १९५१ साली तलाव सरकारजमा झाले. जमीनदारी गेली हे इष्टच झाले. परंतु तिच्याबरोबर दरवर्षी पाळीवर माती घालण्याची गावाची रीतही क्षीण झाली, हे मान्य केले पाहिजे. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, मासेमारीचा ठेका तिसऱ्याच दप्तरात आणि गावकऱ्यांचे हक्क निस्तारपत्रकात, अशी एकाच जलाशयाची वाटणी झाली. त्यात गाळ साचला, बेशरम नावाची वनस्पती माजली आणि काठांवर अतिक्रमणे झाली.

पाणथळ जागांच्या रक्षणासाठी केंद्र सरकारने २०१७ साली नवे नियम केले. त्यांनी प्रत्येक राज्यात प्राधिकरण स्थापण्यास सांगितले. अधिसूचित पाणथळीचे अन्य वापरासाठी रूपांतर, तेथे कचरा टाकणे आणि उच्चतम पूररेषेच्या सरासरीपासून पन्नास मीटरच्या आत पक्के बांधकाम यांस मनाई केली. मात्र त्याच नियमांच्या व्याख्येने सिंचनासाठी वा पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले जलाशय पाणथळीतून वगळले. या वगळणुकीमागे कारण आहे: ज्या तलावातून पाणी सोडायचे, गाळ उपसायचा, त्याला कडक बंधने जाचक ठरतील. पण त्यामुळे शतकानुशतके जिवंत असलेला तलाव केवळ सिंचनासाठी बांधला गेला एवढ्यावरून निराधार ठरतो. १९७१ च्या रामसर कराराने मानवनिर्मित पाणथळीही पाणथळीच मानल्या आहेत, आणि महाराष्ट्राला २०२० साली जे पहिले रामसर स्थळ लाभले ते नांदूर मध्यमेश्वर गोदावरीवरील बंधाऱ्यामुळेच निर्माण झालेले आहे. या मालगुजारी तलावांपैकी नवेगाव बांधाला राष्ट्रीय उद्यानाचे छत्र मिळाले. बाकीच्या हजारोंना ते नाही.

इकडे भावी पाणीमागणीचे नियोजन जोरात आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने राज्याचा एकात्मिक जल आराखडा आवश्यक ठरवला. १९८८ साली कोनशिला बसलेल्या वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाचे पाणी पश्चिम विदर्भातील नळगंगेपर्यंत, सुमारे सव्वाचारशे किलोमीटर, नेण्याची योजना पुढे सरकते आहे. पश्चिम विदर्भाची तहान खरी आहे, तिला नकार देणे अन्याय होईल. तथापि ज्या खोऱ्यातून पाणी न्यावयाचे, तेथील तलाव गाळाने अर्धे भरलेले असताना त्या खोऱ्यातील पाणी शिल्लक आहे असे मांडणे, हे हिशेबाच्या दृष्टीनेही सदोष आहे. आराखड्यात तलाव केवळ घनमीटरांत मोजला जातो. विहिरीला मिळणारा ओलावा, मासळी आणि काठचा चारा यांची कोठेच नोंद नसते.

गाळ काढण्याच्या योजनेतही हीच चूक होते: यंत्रे काठ खरवडून सरळ खड्डा करतात आणि साठा वाढला म्हणून समाधान मानले जाते. याउलट गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव परिसरात धिवरांनी व त्यांच्या बायांनी उन्हाळ्यात तळ नांगरून, बेशरम मुळासकट उपटून, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि मासळी परत आली. याला मोठा खर्च लागत नाही, जाणकार माणसे लागतात.

म्हणून त्या चार जिल्ह्यांतील वाचकांना विनंती आहे, की आपल्या गावच्या तलावाची निस्तारपत्रकातील नोंद काढून पाहावी, गावच्या जैवविविधता नोंदवहीत त्याच्या काठासह त्याचे वर्णन लिहवून घ्यावे, आणि राज्याच्या पाणथळ यादीत त्याचा समावेश व्हावा असा ठराव येत्या ग्रामसभेत मंजूर करून जिल्हाधिकाऱ्यांकडे रवाना करावा.