पडदा लावायचा, पण कुठल्या आवाजासाठी?

नेट-सेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनियरचा मेसेज आला: "दादा, गाणी ऐकायच्या खोलीत मोठी काचेची खिडकी आहे. आवाज टोचतो, शिवाय रस्त्यावरचे हॉर्न आत येतात. जाड पडदा लावला की दोन्ही सुटेल ना?"

बघा, एका वाक्यात दोन वेगळे प्रश्न आहेत. संशोधनाचा विषय लिहितानाही आपण नेमकं हेच करतो.

हॉर्नचा प्रश्न आवाज अडवण्याचा. त्याला वजन लागतं आणि फटी बंद लागतात. अडथळ्याचं दर चौरस मीटरमागचं वजन दुप्पट केलं, तर हिशोबाने जेमतेम ६ डेसिबलचा फायदा. कापडात तेवढं वजन कुठून येणार? सरकत्या खिडकीच्या फटी बुजवणं जास्त कामाचं. हा विषय इथंच सोडू.

टोचण्याचा प्रश्न शोषणाचा. इथं वॉलेस सबीन भेटतो. १८९५ मध्ये हार्वर्डने फॉग संग्रहालयातला व्याख्यान हॉल सुधारायचं काम या तरुण भौतिकीच्या शिक्षकाकडे दिलं. तिथं आवाज पाचेक सेकंद घुमायचा. हा गडी रात्री सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मोजमाप करायचा आणि सकाळच्या आत परत ठेवायचा. शोषणाचं एकक त्याने काय धरलं? उघडी खिडकी! गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून शोषण १.

बंद काचेचं तसं नाही. साध्या काचेचा शोषणगुणांक १२५ हर्ट्झला सुमारे ०.३५, १००० ला ०.१२ आणि ४००० ला ०.०४. म्हणजे खर्जात काच थरथरून थोडी ऊर्जा खाते. झांजेची किणकिण किंवा 'स'चा फुत्कार मात्र जवळपास जसाच्या तसा परत फेकते. दुप्पट कापडाच्या चुण्या असलेला मखमली पडदा नेमका उलटा: १२५ ला ०.०७, १००० ला ०.७५.

आता हिशोब. समजा खोली ३६ घनमीटर, एकूण शोषण ८ चौरस मीटर, खिडकी १.८ चौरस मीटर. १००० हर्ट्झला पडद्याने सुमारे १.१३ ची भर पडते. सबीनच्या सूत्राने (०.१६१ गुणिले आकारमान, भागिले शोषण) घुमण्याचा काळ ०.७२ वरून ०.६३ सेकंद. एवढाच! मग कानाला फरक जास्त का वाटतो?

कारण सरासरीत पहिलं परावर्तन लपतं. स्पीकरचा थेट आवाज २ मीटर चालून येतो आणि काचेवरून आपटलेला ३.२ मीटर, तर दुसरा फक्त साडेतीन मिलिसेकंद मागे असतो. दोन्ही मिसळतात आणि काही कंप्रता एकमेकांना मारतात. एकाच बाजूला काच असेल तर डावं-उजवं संतुलनही जातं. ही जागा शोधायला आरसासुद्धा लागत नाही. रात्री दिवा लावून ऐकायच्या जागी बसा; काचेत जिथे स्पीकर दिसेल तिथे पडदा हवा.

पडदा काचेला चिकटवू नका. कठीण पृष्ठभागाशी हवेचे कण हलतच नाहीत, त्यामुळे कापडाला घर्षण करायला काही मिळत नाही. वेग जास्तीत जास्त असतो पाव तरंगलांबीवर. १० सेंमी अंतर ठेवलं तर ८६० हर्ट्झ, २० सेंमीला ४३०. खर्ज घुमत असेल तर पडद्यावर पैसे घालवू नका. त्यासाठी कोपऱ्यात जाड खनिज लोकर लागते.

आणि मोजा. रूम ईक्यू विझार्ड फुकट आहे. माइक हलवायचा नाही, आवाजाची पातळी बदलायची नाही, पडदा उघडा-बंद आलटून पालटून पाच-पाच वेळा. कानाने ठरवायचं असेल तर डोळ्यांवर पट्टी बांधून मित्राला पडदा ओढायला सांगा. कड्यांचा खळखळाट ऐकू येऊ नये म्हणून तेवढ्यापुरतं तुम्ही खोलीबाहेर थांबा.