टाकळा खुडा, कासविंदा उपटा

पहिला पाऊस मुरला की भोर-वेल्ह्याच्या वस्त्यांमध्ये टाकळ्याची भाजी शिजू लागते. कांदा, लसूण, हिरवी मिरची, घरात असली तर भिजवलेली डाळ. विकत काही आणायचे नाही, बांधावर गेले की ओटीभर पाला मिळतो. आमच्या लहानपणी ही भाजी डब्यात न्यायची लाज वाटायची. आता पुण्याच्या मंडईत हीच भाजी रानभाजी म्हणून मोलाने विकली जाते.

पण या टाकळ्याचा एक भाऊ आहे आणि तो भाजीचा नाही. त्याचे नाव कासविंदा. काही ठिकाणी त्याला रानटाकळाही म्हणतात आणि घोटाळा तिथेच होतो.

मागच्या वर्षावासात आम्ही वेल्हे भागातल्या एका वस्तीत गेलो होतो. विहारात संध्याकाळचे ग्रंथवाचन व्हायचे होते, बायाबापड्या जमत होत्या. बाहेर ओट्यावर चार-पाच पोरी भातुकली मांडून बसल्या होत्या. करवंटीत डाळ म्हणून कसल्या तरी बिया होत्या. एकीच्या तोंडात दोन-चार होत्या. आम्ही बोट घालून त्या काढल्या. शेंगा पाहिल्या तर कासविंद्याच्या. झाडे कुठे आहेत विचारले, तर पोरींनी विहारामागचा उकिरडा दाखवला. तिथे कमरेएवढी वाढलेली, पिवळ्या फुलांची ती रांगच होती. सुदैवाने कुणी काही गिळले नव्हते, पोरी ठणठणीत राहिल्या. पण त्या संध्याकाळी वाचनाआधी अर्धा तास आम्ही या झाडावरच बोललो. तेच इथे लिहितो.

टाकळा, कासविंदा आणि तरवड ही तिन्ही शेंगांच्या कुळातली, एकाच घराण्यातली भावंडे. तिघांची फुले पिवळी, पाच पाकळ्यांची. या फुलांत मध नसतो. भुंगा फुलाला धरून जोरात गुणगुणतो, त्या थरथरीने पुंकेसरांच्या टोकाच्या भोकातून पराग झडतो आणि तोच त्याचा मेहनताना. फुलावरून ओळखायला जाल तर फसाल. पाने बघा.

टाकळ्याच्या एका देठावर पानांच्या तीन जोड्या असतात. पान टोकाला गोल, देठाकडे निमुळते. संध्याकाळ झाली की पाने मिटतात. कासविंद्याला चार ते सहा जोड्या असतात आणि प्रत्येक पान टोकाला अणकुचीदार. देठ जिथे खोडाला चिकटतो तिथे बारीक गोल काळपट गाठ दिसते. टाकळ्याला अशी बारीक गाठ असते ती वर, खालच्या पानांच्या जोड्यांमध्ये. पान चुरगळून हुंगा. वास टाकळ्यालाही असतो, पण कासविंद्याचा उग्र आणि घाण. शेळीसुद्धा बहुधा तोंड लावत नाही.

शेंगा धरल्यावर तर फरक उघड होतो. टाकळ्याची शेंग लांब, बारीक, विळ्यासारखी वाकलेली, आतले बी कोपरे काढल्यासारखे. कासविंद्याची शेंग चार-पाच इंचांची, चपटी, मधे तपकिरी आणि दोन्ही कडांना फिक्या पट्ट्या, आतले बी चपटे गोलसर. वाळली की सहज उकलते आणि पोरांना खेळायला आयती डाळ मिळते.

तरवडाची गोष्ट वेगळी. तो झुडूपच, कमी पावसाच्या माळावरचा. त्याच्या देठावर पानांच्या आठ-बारा जोड्या, फुले मोठी आणि शेंग कागदासारखी पातळ. त्याच्या सालीने कातडे कमावले जाई. ही साल कुटणारे हात कोणाचे होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

आता कासविंद्याचे बी काय करते ते सांगतो. पश्चिम उत्तर प्रदेशात बिजनौर, सहारनपूर भागात वर्षानुवर्षे पावसाळा संपता संपता लहान मुले अचानक आजारी पडत आणि दगावत. उलट्या, मग पोर चिडचिडे, असंबद्ध, मग झटके आणि बेशुद्धी. सगळे याला मेंदूज्वर समजत होते, विषाणू शोधत होते. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ आणि वेल्लोरचे डॉ. टी. जेकब जॉन यांनी मुलांनी काय खाल्ले होते याची चौकशी केली. 2007 मध्ये त्यांनी छापून सांगितले की दोष कासविंद्याच्या शेंगांचा आहे. यकृत, स्नायू आणि मेंदू तिन्हींवर एकदम मार बसतो. आजारी मुले बहुतेक गरिबांची, खेड्यातली, दोन ते सात वर्षांची. 2016 मध्ये ओडिशाच्या मलकानगिरीत आदिवासी मुलांचे मृत्यू झाले, आकडा शंभराच्या आसपास गेला. तिथेही काही मुलांना जपानी मेंदूज्वर होता, पण तपासाला गेलेल्या डॉ. जॉन यांच्या पथकाने या झाडाकडेही बोट दाखवले. तिकडे टाकळ्याला चकुंडा म्हणतात आणि कासविंद्याला बडा चकुंडा. नावाची गल्लत तिकडेही तीच.

या विषावर उतारा नाही. म्हणून वेळ महत्त्वाची. आश्विन-कार्तिकात धडधाकट पोराला अचानक उलट्या सुरू झाल्या, ते बरळू लागले किंवा झटका आला, ताप असो नसो, तर काय खाल्ले ते बरोबरच्या पोरांना विचारा. मिठाचे पाणी पाजून ओकायला लावू नका, बेशुद्ध पोराच्या तोंडात काहीच घालू नका. कुशीवर वळवून झोपवा. 108 ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा आणि शेंग किंवा फांदी बरोबर न्या. डॉक्टरांना कासविंदा हे नाव घेऊन सांगा, कारण विचारले नाही तर अनेकदा ते मेंदूज्वर म्हणूनच उपचार करतील. बाहेरचे लागले म्हणून देवऋषाकडे गेलात तर तेवढे तास हातचे जातात. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्यानंतरही आपल्या काही घरांतून हे गेलेले नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो.

कासविंद्याला कासमर्द म्हणून जुन्या वैद्यकात खोकल्यावर जागा आहे, हे खरे. बी भाजून कॉफी करतात हेही खरे, भाजल्याने विष कमी होते. पण घरच्या घरी किती भाजले म्हणजे पुरे, हे चुलीपाशी बसून ठरवता येत नाही. लहान पोरांच्या घरात हा प्रयोग नकोच.

कासविंदा एका वर्षाचे झाड आहे. शेंग धरण्याआधी, श्रावण-भाद्रपदात, ओल्या मातीतून मुळासकट सहज उपटते. शेंगा वाळल्यावर उपटलेत तर तिथेच बी सांडून पुढच्या वर्षी दुप्पट उगवते. आणि ते उगवते कुठे? पडीक जागा, रस्त्याची कड, उकिरडा. गावाचा उकिरडा कोणाच्या वस्तीला लागून असतो हे भोरमध्येही तेच आणि वेल्ह्यातही तेच. म्हणून झाडे उपटतानाच ग्रामपंचायतीत उकिरडा हलवण्याचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

त्या वस्तीत दुसऱ्या दिवशी रविवार होता. पोरी, त्यांच्या आया आणि एक सत्तरीची आजी असे सगळे विहारामागे जमलो. झाडांना शेंगा आल्या होत्या, म्हणून आधी शेंगा पोत्यात भरल्या आणि मग झाडे उपटली. आजींनी मधेच एक रोप हातात घेतले, पाने मोजली आणि बाजूला ठेवले. म्हणाल्या, “ताई, हा आपला टाकळा हाय. ह्याला राहू द्या.”