स्मरणपॉपी आणि ध्वजदिनाचे चिन्ह

युद्धात मृत्युमुखी पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ कपड्यावर लावले जाणारे लाल रंगाचे कागदी किंवा कापडी फूल म्हणजे स्मरणपॉपी होय. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इत्यादी देशांत ते प्रचलित आहे. ब्रिटिश अमदानीत हे फूल हिंदुस्थानातही ११ नोव्हेंबरला विकले जात असे. स्वातंत्र्यानंतर त्याचे स्थान ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाने आणि त्या दिवशी वाटल्या जाणाऱ्या तीन रंगी कागदी चिन्हाने घेतले. दोन्ही चिन्हांचा हेतू सारखाच आहे: मृतांचे स्मरण ठेवणे आणि हयात असलेल्यांसाठी निधी उभारणे. ती लावण्याविषयीचा लोकांचा दृष्टिकोन मात्र गेल्या शंभर वर्षांत अनेकदा पालटला असून, पॉपीच्या आणि ध्वजचिन्हाच्या वाटाही वेगवेगळ्या राहिल्या आहेत.

== फुलाची ओळख ==

‘पॉपी’ म्हणजे अफूचे फूल असा मराठी वाचकाचा सहज समज होतो. तो अर्धाच खरा आहे. स्मरणासाठी वापरली जाणारी पॉपी ही अफूच्या कुळातीलच, परंतु वेगळी जात आहे. अफू आणि खसखस ज्या झाडापासून मिळतात, त्याच्याशी तिचा संबंध केवळ नात्याचा. युरोपात ती गव्हाच्या शेतात तण म्हणून उगवते. जमीन उलथली गेली की मातीत पडून राहिलेले तिचे बी रुजते. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी आणि खंदकांनी बेल्जियम व फ्रान्समधील जमीन उलथून टाकली, तेव्हा सैनिकांच्या थडग्यांभोवती हीच फुले उमलली. कॅनडाच्या सैन्यातील डॉक्टर जॉन मॅक्रे यांची त्या दृश्यावरील कविता डिसेंबर १९१५ मध्ये लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकात छापली गेली. ती वाचून अमेरिकेतील शिक्षिका मोइना मायकेल यांनी १९१८ मध्ये पॉपी लावण्यास सुरुवात केली, तर फ्रान्सच्या अ‍ॅना गेरँ यांनी कापडी पॉपी विकून निधी उभारण्याची कल्पना देशोदेशी नेली. ब्रिटनमध्ये पहिला ‘पॉपी डे’ ११ नोव्हेंबर १९२१ रोजी पाळला गेला.

अफूशी असलेले हे नाते अगदीच निरुपद्रवी राहिले, असे मात्र नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून चीनच्या दौऱ्यावर असताना त्यांच्या शिष्टमंडळाने पॉपी काढून ठेवावी, अशी विनंती चिनी अधिकाऱ्यांनी केली होती. एकोणिसाव्या शतकातील अफूच्या युद्धांची तेथे त्या फुलाने आठवण होते, हे त्यामागील कारण होते. पाहुण्यांनी विनंती मानली नाही. चीनमध्ये जाणारी माळव्याची अफू मुंबई बंदरातून जहाजावर चढत असे, ही या प्रसंगाची भारतीय बाजू आहे.

== ब्रिटन आणि आयर्लंडमधील मतांतरे ==

प्रारंभीच्या वर्षांत पॉपी लावणे हा घराघरांतील ताज्या दुःखाचा भाग होता. तिच्या विक्रीतून येणारा पैसा अपंग व बेरोजगार सैनिकांसाठी वापरला जाई. मात्र हे फूल युद्धाला गौरव देते, असा आक्षेप लवकरच पुढे आला. १९३३ मध्ये स्त्रियांच्या सहकारी संघटनेने पांढरी पॉपी काढली. ‘पुन्हा युद्ध नको’ हा तिचा अर्थ होता. लाल की पांढरी हा वाद आजही दर नोव्हेंबरला उद्भवतो.

अलीकडच्या वादांचे स्वरूप वेगळे आहे. ‘फूल कशासाठी’ यापेक्षा ‘फूल का लावले नाही’ हा प्रश्न त्यांत अधिक विचारला जातो. वृत्तनिवेदक जॉन स्नो यांनी पडद्यावर पॉपी लावण्यास नकार दिला आणि २००६ मध्ये या दडपणावर कठोर शब्दांत टीका केली. उत्तर आयर्लंडमधील डेरी येथे वाढलेला फुटबॉलपटू जेम्स मॅक्लीन २०१२ पासून पॉपी असलेला सदरा घालत नाही. १९७२ मध्ये त्याच शहरात ब्रिटिश सैनिकांनी निदर्शकांवर केलेल्या गोळीबाराची पार्श्वभूमी त्याच्या नकारामागे आहे. उलट २०१६ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या फुटबॉल संघांनी दंडावर पॉपी मिरवली म्हणून जागतिक संघटनेने त्यांना दंड केला, आणि पुढच्याच वर्षी हा नियम शिथिल करण्यात आला. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात तर स्वातंत्र्यानंतर पॉपी जवळपास दिसेनाशी झाली होती. तेथील पंतप्रधान लिओ वराडकर यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये संसदेत तीनपानी शॅमरॉकमध्ये बसवलेली पॉपी लावली. त्यांचे वडील मूळचे मुंबईचे व कुटुंब मालवणजवळील वराड गावचे असल्याने या बातमीची महाराष्ट्रातही दखल घेतली गेली असती तर नवल नव्हते.

== वसाहतींमधील पॉपी ==

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख माणसे सैन्यात व सैन्याच्या सेवेत गेली. त्यांपैकी सुमारे ७४,००० परत आली नाहीत. मराठी पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढला. कुत-अल-अमारा येथील वेढ्यात सापडलेल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये शरण जावे लागलेल्या फौजेतही मराठा सैनिक होते. साहजिकच फ्लँडर्सच्या शेतातील फुलापेक्षा बसऱ्याची वाळू मराठी मुलखातील अनेक घरांना अधिक परिचित होती.

१९२१ सालच्या नोव्हेंबरमधील तारखा शेजारी ठेवल्या की तत्कालीन लोकमताची गुंतागुंत ध्यानी येते. ११ तारखेला लंडनमध्ये पहिला पॉपी डे झाला. १७ तारखेला ब्रिटिश युवराज मुंबईत उतरले, तेव्हा काँग्रेसने पुकारलेल्या बहिष्काराच्या वेळी उसळलेल्या दंगलीत पन्नासहून अधिक माणसे मेली. १९ तारखेला त्याच युवराजांनी पुण्यात शिवस्मारकाची आणि महायुद्धात पडलेल्या मराठा सैनिकांच्या स्मारकाची कोनशिला बसवली. त्या कार्यक्रमामागे कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांचा पुढाकार होता. त्यांनी युद्धकाळात सैन्यभरतीलाही उत्तेजन दिले होते. राज्यकर्त्यांवरील रोष आणि स्वतःच्या मृत सैनिकांविषयीचा अभिमान या दोन भावना एकाच आठवड्यात, एकाच प्रांतात नांदत होत्या. पॉपी हे राज्यकर्त्यांचे चिन्ह असल्याने दुसऱ्या भावनेला ते पुरेसे पडणारे नव्हते.

हा विसंवाद सर्वांत स्पष्टपणे उघड झाला तो सिलोनमध्ये. पॉपीच्या विक्रीतील बहुतांश पैसा ब्रिटिश सैनिकांसाठी जातो आणि स्थानिक माजी सैनिकांना फारसे काही मिळत नाही, या तक्रारीतून तेथे ‘सूर्यमल’ चळवळ उभी राहिली. ११ नोव्हेंबरलाच पॉपीऐवजी पारोसा पिंपळाची पिवळी फुले विकली जाऊ लागली. १९३३ मध्ये डोरीन यंग या शिक्षिकेने त्यावर लिहिलेल्या ‘फुलांची लढाई’ या अर्थाच्या शीर्षकाच्या लेखाने चळवळ गाजली आणि तिच्यातील तरुणांनी १९३५ मध्ये लंका समसमाज पक्ष स्थापन केला.

== ध्वजदिनाचे चिन्ह ==

२८ ऑगस्ट १९४९ रोजी संरक्षणमंत्र्यांच्या अखत्यारीतील समितीने दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळण्याचे ठरवले. या दिवशी वाटले जाणारे चिन्ह लाल, गडद निळ्या आणि फिकट निळ्या अशा तीन पट्ट्यांचे असते. हे रंग अनुक्रमे भूदल, नौदल आणि वायुदल यांचे होत. ध्वजदिन हा तिरंग्याचा दिवस आहे, असा समज शाळकरी मुलांत आणि कधी कधी मोठ्यांतही आढळतो. तो बरोबर नाही.

निवडलेली तारीख कोणत्याही लढाईची किंवा तहाची नाही. पॉपीला ११ नोव्हेंबर १९१८ च्या युद्धविरामाचा आधार आहे. ध्वजदिनाला तसा एखादा क्षण नाही, मौनाची दोन मिनिटे नाहीत आणि त्याच्याभोवती एखादी सर्वज्ञात कथाही नाही. या चिन्हाकडे स्मरणापेक्षा वर्गणी म्हणून पाहिले जाते, त्याचे एक कारण बहुधा हेच असावे.

वर्गणीचा उपयोग मात्र प्रत्यक्ष आहे. १९९३ मध्ये निरनिराळे कल्याण निधी एकत्र करून सशस्त्र सेना ध्वजदिन निधी स्थापन झाला. निवृत्तिवेतन न मिळणारे वृद्ध माजी सैनिक, वीरपत्नी, त्यांच्या मुलांचे शिक्षण व मुलींचे विवाह यांसाठी त्यातून साहाय्य दिले जाते. कमरेखालील भाग लुळा पडलेल्या सैनिकांसाठी पुण्याजवळ खडकी येथे असलेल्या पुनर्वसन केंद्रालाही या निधीचा आधार आहे. महाराष्ट्रात संकलनाचे काम पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाकडून आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांकडून पाहिले जाते. जिल्ह्यांना व शासकीय खात्यांना उद्दिष्ट ठरवून दिले जाते. ते शंभर टक्के वा अधिक पूर्ण करणाऱ्यांचा जाहीर सत्कार होतो, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या पोशाखावर चिन्ह लावून मोहिमेचा आरंभ होतो.

या पद्धतीमुळे निधी नियमित जमा होतो, हे खरे. परंतु चिन्ह लावणे आणि पैसे देणे यांची फारकत तिनेच केली. शाळेत वर्गशिक्षकांनी गोळा केलेले चार-दोन रुपये किंवा कार्यालयात टेबलाटेबलावर फिरणारा डबा हाच बहुसंख्यांचा ध्वजदिनाशी आलेला संबंध असतो. चिकटवलेला कागद संध्याकाळपर्यंत टिकत नाही. आता रक्कम संकेतस्थळावरून भरता येत असल्याने कागदाचीही गरज उरलेली नाही. दरम्यान भारतीयांच्या छातीवर लागणारे चिन्ह तिरंगाच ठरले आहे. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागरिकांचा राष्ट्रध्वज फडकवण्याचा हक्क मान्य केल्यानंतर तर त्याचा वापर अधिकच वाढला. तो स्वातंत्र्याचा व अभिमानाचा सण आहे. त्यात शोकाला जागा थोडी.

== ऐच्छिकतेचा प्रश्न ==

सैनिकांसाठीचे दान मागून घ्यावे की ते आपणहून यावे, हा प्रश्न महाराष्ट्रात ऑक्टोबर २०१६ मध्ये ऐरणीवर आला. उरी येथील हल्ल्यानंतर पाकिस्तानी कलाकार असलेल्या ‘ए दिल है मुश्किल’ या चित्रपटाला महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने विरोध केला होता. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत २२ ऑक्टोबरला झालेल्या बैठकीत अशा निर्मात्यांनी सैन्याच्या कल्याण निधीला पाच कोटी रुपये द्यावेत, अशी अट पक्षाने मांडली. त्यावर अनेक निवृत्त सैन्याधिकाऱ्यांनी नाराजी व्यक्त केली. दबावाखाली आलेला पैसा सैन्याने घेऊ नये, असा त्यांचा सूर होता. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनीही हे दान ऐच्छिकच असले पाहिजे, असे स्पष्ट केले. येथे वाद फुलाचा किंवा बिल्ल्याचा नव्हता. मात्र ब्रिटनमधील वृत्तनिवेदकांच्या पॉपीवरून जो मुद्दा निघाला, तोच हा मुद्दा होता. विशेष म्हणजे दोन्हीकडे सक्तीविरुद्ध उभे राहिलेले सर्वच जण सैन्याचे टीकाकार नव्हते.

== शिरोळ तालुका आणि नृसिंहवाडी परिसर ==

चिन्ह न लावणे म्हणजे विसरणे नव्हे, हे कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात चांगले दिसते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडी हे दत्तक्षेत्र याच तालुक्यात आहे आणि पिढ्यान्पिढ्या सैन्यात माणसे पाठवणारे टाकळी हे गावही. सैनिकी परंपरेमुळे त्या गावाचे नावच ‘सैनिक टाकळी’ पडले. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे ‘मिलिटरी’ या गावाचेही असेच. पहिल्या महायुद्धात तेथील ४६ जण मृत्युमुखी पडले आणि ब्रिटिशांनी गावात त्यांचे स्मारक उभारले. स्मरण येथे वर्षातील एका दिवसापुरते छातीवर येत नाही; ते गावाच्या नावात आणि दगडात कायमचे असते. या भागात ही रीत पॉपीपेक्षा फार जुनी आहे. गाईगुरे किंवा गाव राखताना पडलेल्या वीरांचे मध्ययुगीन वीरगळ कोल्हापूर जिल्ह्यात अनेक ठिकाणी आढळतात. करवीर तालुक्यातील बीड हे गाव त्यांसाठी प्रसिद्ध आहे.

ध्वजदिनाची आणि नृसिंहवाडीच्या मुख्य उत्सवाची वेळ जवळजवळ एकच असते. दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे बहुतेक वर्षी डिसेंबरात येते. २०२२ मध्ये ती नेमकी ७ डिसेंबरला होती. ज्या दिवशी वाडीचा रस्ता यात्रेकरूंनी भरून वाहतो, त्या दिवशी सरकारी दिनदर्शिकेतील दुसऱ्या दिनविशेषाकडे लक्ष जाणे कठीणच.

सैनिकांविषयीची भावना या परिसरात निराळ्या प्रसंगी प्रकट झाली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातील कित्येक गावांना पाण्याने वेढले, नृसिंहवाडीही त्यांत होती. लष्कर, नौदल आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल यांनी कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांत बोटींतून लोकांना बाहेर काढले. त्या वर्षी राखी पौर्णिमा १५ ऑगस्टला होती, आणि पूरग्रस्त भागातील स्त्रियांनी जवानांना राख्या बांधल्या. पॉपी किंवा ध्वजचिन्ह नागरिक स्वतःला लावतो. राखी सैनिकाच्या मनगटावर बांधली जाते, आणि तो जिवंत असताना.

== खादीची पॉपी आणि झेंडू ==

महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त पॉपीला भारतीय रूप देण्याचे दोन प्रयत्न झाले. २०१८ मध्ये ब्रिटनच्या रॉयल ब्रिटिश लीजनने हिंदुस्थानी सैनिकांच्या स्मरणार्थ खादीची पॉपी काढली. पंतप्रधान थेरेसा मे यांनी ती संसदेत लावली होती. विदेशी कापडाच्या होळ्यांतून पुढे आलेले वस्त्र साम्राज्याच्या सैनिकांसाठी वापरले जावे, यातील विरोधाभास भारतीय वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही. ब्रिटनमधील भारतीय कुटुंबांत मात्र या पॉपीचे स्वागत झाले, कारण आपल्या पणजोबांचाही या दिवसावर हक्क आहे, असे तिने सांगितले.

दुसरा प्रयत्न दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया या संस्थेचा. तिने स्मरणाचे भारतीय फूल म्हणून झेंडू सुचवला. झेंडू मूळचा मेक्सिकोचा असून तेथे तो मृतांच्या स्मरणोत्सवात वापरला जातो. महाराष्ट्रात तो दसऱ्याला दाराच्या तोरणात आणि खंडेनवमीला शस्त्रांवर व अवजारांवर येतो, देवाला वाहिला जातो आणि हारांतून हुतात्म्यांच्या स्मारकांवरही चढतो. पैसे देऊन घ्यायचे आणि छातीवर टोचायचे फूल म्हणून तो अजून रुळलेला नाही. नोव्हेंबरात खडकीच्या युद्धस्मशानभूमीत स्मरणाचा कार्यक्रम होतो, तेव्हा पॉपीची वर्तुळाकार पुष्पचक्रे दिसतात. त्याच शहराच्या मंडईत दिवाळीपर्यंत झेंडूचे ढीग लागलेले असतात.