रक्ताविना नातं : दयाळ आणि स्पंज

मैत्रिणींनो, भांडी घासायचा स्पंज रोज आपल्या हातात असतो. तो कारखान्यातला. पण ज्याच्यावरून त्याला हे नाव मिळालं, तो खरा स्पंज समुद्राच्या तळाशी राहतो आणि तो चक्क प्राणी आहे, बरं का! मग तारेवर गाणाऱ्या दयाळाचा तो नातेवाईकच की!

काळा-पांढरा, शेपटी उभारून ऐन उन्हाळ्यात पहाटे गाणारा दयाळ तुम्ही पाहिला असेलच. त्याचं स्वरयंत्र श्वासनलिकेला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे असतं. चार कप्प्यांचं हृदय, मेंदू, सगळं कसं जागच्या जागी!

स्पंजाला यातलं काहीच नाही. तोंड नाही, पोट नाही, मज्जातंतू नाहीत, रक्तसुद्धा नाही. अंगभर छिद्रं मात्र आहेत. आतल्या पेशींचे चाबकासारखे धागे हलले की पाणी आत येतं, त्यातले जिवाणू गाळून घेतले जातात आणि मोठ्या भोकातून पाणी बाहेर पडतं. लोक त्याला वनस्पतीच समजत. १८२५ साली रॉबर्ट ग्रँट यांनी पाण्याच्या या प्रवाहाचं वर्णन छापलं, तेव्हा तो प्राणी असल्याचं हळूहळू पटत गेलं.

१९०७ मध्ये हेन्री विल्सन यांनी तर गंमतच केली. आपण चक्का फडक्यातून घासून काढतो ना, तसा जिवंत स्पंज त्यांनी रेशमी कापडातून पिळून काढला. सुट्या झालेल्या पेशी पुन्हा एकत्र आल्या आणि त्यांचा स्पंज तयार झाला!

मग नातं कुठलं? वनस्पतींसारखं स्वतःचं अन्न दोघांनाही करता येत नाही. दयाळ किडे टिपतो, स्पंज पाणी गाळतो. पेशींना बांधून ठेवणारं कोलॅजेन दोघांतही आहे. २०१० साली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफमधल्या एका स्पंजाची सगळी जनुकं वाचली गेली, तेव्हा इतर प्राण्यांशी जुळणारी कितीतरी जनुकं त्यात सापडली. दोघांचा मूळपुरुष साठ कोटी वर्षांहूनही मागचा. सुतक केव्हाच फिटलं, पण वंश एकच!

तेव्हा 'हलतो, बोलतो तो प्राणी' असं मुलांना शिकवू नका. स्पंज नुसता बसलेला दिसतो, पण दिवसभर पाणी गाळत असतो. मुकाट्याने राबणाऱ्याला 'नुसता बसून असतो' म्हणायची जगाची रीत आपल्याला का ठाऊक नाही?